रांजणासाठी सांगितलेलं खोटं

मी म्हैसूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तीस वर्षं होत आली. आणि दोन वर्षांपूर्वी श्रावणात, निळीचा एक रांजण बरा व्हावा म्हणून, मी श्रीरंगपट्टणच्या बसस्टँडवर उभी राहून धडधडीत खोटं बोलले. माझ्या विद्यार्थ्यांना हे कळलं तर काय शोभा होईल ते सांगायला नको. पण ते खोटं ज्या म्हाताऱ्या माणसाच्या पदरात पडलं, त्याच्यासमोर मला जी लाज वाटली तिच्यापुढे ही शोभा काहीच नाही. म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही जातीने रंगारी. श्रीरंगपट्टण हे कावेरीतलं बेट आहे, हे आता तिथल्या लोकांच्याही लक्षात राहत नाही, कारण बस पूल ओलांडते तेवढ्यात हातातलं तिकीटसुद्धा नीट घडी होत नाही. नदी गावाच्या वर दुभंगते, दोन्ही बाजूंनी गावाला वळसा घालते आणि खाली पुन्हा एक होते. मधल्या जमिनीवर आमचे पूर्वज कसे आले याच्या घरात तीन कथा आहेत. पहिली, फौजेबरोबर तंबूंची कापडं रंगवायला आले. दुसरी, रंगनाथाला नवस होता. तिसरी, बैलाने पहिला फाटा ओलांडला आणि दुसऱ्याच्या काठावर जो बसला तो उठेचना, म्हणून राहिले. आमच्याकडे सगळ्यांचा विश्वास तिसरीवर आहे, कारण घरातल्या माणसांचा स्वभाव पाहता तीच पटते.

पुढे राजधानी म्हैसूरला गेली. बेटावर तापाची साथ, धंदा नाही. एकेक घर पूल ओलांडून म्हैसूरला आलं. कुणी छापखान्यात गेलं, कुणी कचेरीत, माझे वडील शाळेत मास्तर झाले. एकच घर मागे राहिलं, कारण रांजण हलवता येत नाही. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो आणि हलवला की रुसतो, असं म्हणतात. त्या घरातल्या थोरल्या मुलाने रांजणापाशी राहायचं, बाकीच्यांनी कुठेही जावं. आणि गेलेल्यांपैकी कुणाच्याही घरी मूल व्हायचं असलं की त्याचं पहिलं दुपटं बेटावरच्या त्या रांजणात बुडवून यायचं. मी त्याच निळ्या दुपट्यात गुंडाळली गेले, माझी मुलगीही. एरवी आमच्यात रंगाऱ्याचं आता काही उरलेलं नाही. मराठीचंही तेच. शेजारी पुण्याहून नोकरीसाठी आलेलं एक जोडपं राहतं, ते माझं बोलणं ऐकून 'किती गोड' म्हणतात, म्हणजे लहान मुलाला म्हणावं तसं. माझ्या मुलीला तर मराठीत भांडताही येत नाही, ती रागावली की कन्नडमध्ये जाते.

त्या मागे राहिलेल्या घरात माझ्या वडिलांचे थोरले भाऊ राहतात. आमच्याकडे थोरल्या काकांना दोड्डप्पा म्हणतात, शब्द कन्नडच आहे. वय ऐंशीच्या पलीकडे, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना एकच मुलगा, माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणतो.

अण्णाचं आणि बापाचं काय झालं ते थोडक्यात सांगते. अण्णाचे हात लहानपणापासून कोपरापर्यंत निळे. म्हैसूरच्या कडेला हेब्बाळच्या एका कारखान्यात तो नोकरीसाठी मुलाखतीला गेला, तेव्हा समोरच्या साहेबाने खुर्ची जरा मागे सरकवून विचारलं, हा कुठला त्वचारोग? अण्णाने घरी येऊन सांगितलं, यापुढे मी रांजणात हात घालणार नाही. दोड्डप्पा म्हणाले, मग पूल ओलांडूनही येऊ नकोस. दोघंही त्या बैलाच्या वंशातले. अण्णाला पुढे दुसऱ्या कारखान्यात नोकरी लागली, हेब्बाळलाच घर झालं. हेब्बाळ ते बेट म्हणजे मोटारसायकलने अर्धा-पाऊण तास. त्या अर्ध्या-पाऊण तासाला अकरा वर्षं लागली होती. लग्नकार्यात दोघं म्हैसूरला समोरासमोर आले की एक पहिल्या पंगतीला बसायचा आणि दुसरा शेवटच्या.

आता खोटं बोलण्याविषयी. निळीचा रांजण जिवंत असतो. हे मी रसायनशास्त्राची बाई म्हणून सांगते. त्यात चुना, गूळ, टाकळ्याच्या बिया घालतात, आत जंतू वाढतात, आणि त्यांच्यामुळे नीळ पाण्यात विरघळते. कापड बाहेर काढलं की आधी हिरवं दिसतं आणि वारा लागता लागता निळं होतं. ढगाळ हवेत रांजण गार पडला की जंतू मरगळतात, पाण्याला घाण वास सुटतो, नीळ तळाला बसते. त्याला आम्ही रांजण रुसला म्हणतो. त्यावरचं शास्त्रीय औषध म्हणजे ऊब आणि थोडा धीर. आमच्या घराण्यातलं औषध म्हणजे खोटं. घरातल्या कुणीतरी बाहेर जाऊन एक आवई उठवायची. लोकांनी ती खरी मानली आणि ती फिरत फिरत परक्या तोंडून रंगाऱ्याच्या कानावर आली, की रांजण उठतो.

याचे नियम आहेत. कुणाचं मरण, कुणाचं आजारपण आणि कुणा बाईची अब्रू यावर बोलायचं नाही. काय खोटं सांगितलं ते रंगाऱ्याला सांगायचं नाही. आणि रांजण उठला की आठ दिवसांच्या आत, गूळ घेऊन, जिथे खोटं बोललो तिथे जाऊन ते परत घ्यायचं. पहिला खडा रंगाऱ्याच्या हातावर. त्याने तो खाल्ला की खोटं फिटलं. मग बाकीच्यांना.

माझ्या वडिलांच्या खोट्याची गोष्ट अजून सांगतात. मास्तर माणूस, त्यांनी घाटावर सांगितलं की रात्री मगर वर येऊन पायरीखाली अंडी घालून गेली. कावेरीत मगरी आहेत, त्यामुळे लोकांना पटायला वेळ लागला नाही. दोन दिवस एकही बाई धुणं घेऊन घाटावर उतरली नाही. तिसऱ्या दिवशी रांजण उठला. वडील गूळ वाटत फिरले आणि धुण्याच्या ढिगांपाशी बसलेल्या बायकांच्या शिव्या खाऊन आले.

तर त्या श्रावणात माझ्या मुलीला सहावा महिना होता, आणि रांजण रुसला. दोड्डप्पांचा फोन आला.

"पोरी, वास सुटलाय. आठ दिवस झाले, ऊनच नाही. तुझ्या नातवंडाचं दुपटं कशात बुडवू मी?"

"मी येते. उबेला काहीतरी गुंडाळू."

"ते मी गुंडाळलंय. तू मत्ते ते दुसरं काम कर. घरात आता तूच राहिलीस."

'मत्ते' म्हणजे आणखी, पुढे, आणि कधी कधी नुसतंच काहीतरी म्हणायचं म्हणून. मी हसले. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं समाधान, आपलं काय जातं. सिनेमाचं शूटिंग किल्ल्यात होणार आहे असं सांगायचं मी बसमध्येच ठरवून ठेवलं.

बेटाच्या बसस्टँडवर एक फुलवाली बसते. दोड्डप्पांच्याच गल्लीतली, साठीची, सगळ्या गावाची खबर तिच्या टोपलीत असते. मी तिच्याकडून मोगऱ्याचा गजरा घेतला आणि शूटिंगचं सांगणार, तेवढ्यात तिने कन्नडमध्ये विचारलं, "म्हाताऱ्याचं कसं? एकटाच ना? पोरगा काही येत नाही?"

आणि मी म्हणाले, "येणार आहे. दसऱ्याला. आता इथेच राहणार."

तिच्या हातातला दोरा थांबला. "खरं?"

"खरं."

तिने वर पाहून हात जोडले. मी घाईघाईने निघाले. मला वाटलं होतं, खोटं बोलायला अक्कल लागते. तसं काही नाही. मी ते विचार करून बोललेच नव्हते. मला जे व्हावंसं वाटत होतं तेच तोंडून निघून गेलं, आणि म्हणूनच ते तिला इतकं पटलं असणार. बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला समजावलं की नियम आहे, आठ दिवसांत परत घेऊ.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. पाचव्या दिवशी रांजण उठला. मी वर्गात सांगते तसं सांगायचं तर उन्हाने उठला. दोड्डप्पांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "उठला. आयतु." म्हणजे झालं. आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आठवड्याच्या आत मी गूळ घेऊन गेले. दार उघडं होतं. आत चुन्याचा ताजा वास. मागची खोली, जी अकरा वर्षं सरपण ठेवायला वापरली जायची, ती रिकामी करून पांढरी केली होती. मधोमध नवा पलंग. दोड्डप्पा त्याच्या कडेला हात फिरवत म्हणाले, "सुताराला सांगून वीतभर लांब करून घेतला. त्याचे पाय बाहेर येतात."

माझ्या पिशवीत गूळ होता. कागदात बांधलेला, बन्नूरचा. मी तो बाहेर काढला नाही.

का काढला नाही, हे मला कुणी विचारलं तर मी दया आली असं सांगेन. पण ते अर्धंच खरं आहे. मला भीती वाटली. समोरच्या माणसाचा चेहरा माझ्यामुळे पडताना बघायची तयारी नव्हती. मी पलंगाचं कौतुक केलं, चहा प्यायले आणि गूळ परत म्हैसूरला घेऊन आले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हाही तेच झालं. दोड्डप्पा रोज दुपारी बसस्टँडवर जाऊन फुलवालीजवळ बसायला लागले होते. दसरा लांब होता, पण ते म्हणायचे, लवकर सुट्टी मिळाली तर?

आणि गूळ न देण्याची ही अशी चूक आहे की आमच्या घराबाहेरचं कुणी करूच शकणार नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात ती नुसती अफवा राहिली असती.

पितृपक्षात मी मनाचा हिय्या करून गेले. दोड्डप्पा रांजणापाशी पाटावर बसले होते, काठीने पाणी हळूहळू ढवळत. वर तांबूस फेस, खाली हिरवट पिवळं पाणी, अगदी हवं तसं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, कागद सोडला आणि गुळाचा खडा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी काठी बाजूला ठेवली. खड्याकडे पाहिलं.

"तूच का," ते म्हणाले.

"चुकले, दोड्डप्पा."

"मला माहीत होतं ना. फुलवालीने सांगितलं तेव्हा पहिली गोष्ट मनात तीच आली, हे त्या पोरीचं काम. मीच पाठवलं होतं तुला." ते थांबले. "मत्ते आठ दिवस गेले. गूळ आला नाही. म्हटलं, उद्या येईल. पंधरा झाले. तू आलीस, चहा पिऊन गेलीस, गूळ नाही. आपल्या घरात आजवर असं झालंय का, की खोटं सांगितलं आणि गूळ आला नाही? मग म्हटलं, हे खरंच असणार. गूळ येत नाही म्हणजे गोष्ट खरी, अल्वा? हो ना?"

मी रडले. रडले हे लपवून काय करायचं. माझ्या खोट्यावर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. माझ्या गप्प बसण्यावर ठेवला होता.

"खा," मी म्हणाले. "फिटू दे."

"बेडा." नको. त्यांनी खडा माझ्या हातातून घेतला, उठले, आणि देवाच्या फळीवर ठेवला. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ ओढली. "दसऱ्याची बोली आहे ना? दसरा अजून झालेला नाही."

मी उरलेला गूळ पुन्हा कागदात बांधला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हेब्बाळला अण्णाच्या घरी गेले. तो नुकताच पाळी संपवून आला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बसस्टँडपासून हळदीच्या रेघेपर्यंत. तो ऐकत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले.

"तू कोण ठरवणार मी कुठे राहायचं ते?"

"कुणीच नाही."

"माझी नोकरी आहे, पोरांची शाळा आहे. मी तिथे जाऊन रांजणापाशी बसू? दुसरं खोटं सुचलं नाही तुला?"

"शूटिंगचं सुचलं होतं."

एरवी तो हसला असता. तो खिडकीपाशी गेला. कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्यावरून एकामागून एक चालल्या होत्या. पाठ माझ्याकडे ठेवूनच त्याने विचारलं, "पलंग किती लांब केलाय म्हणालीस?"

"वीतभर."

मी येताना वहिनीने हातावर कुंकवाची पुडी ठेवली. येईल किंवा येणार नाही, यातलं काहीच मला कळलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मी सकाळीच बेटावर गेले. त्या दिवशी गावातल्या गाड्या, करवती, शिवणयंत्रं सगळ्यांना फुलं वाहतात, आणि आमच्या घरी रांजणाला. दोड्डप्पांनी अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं. रांजणाच्या गळ्याभोवती शेवंतीची माळ. दार सताड उघडं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. फळीवर गूळ तसाच होता, ओल लागून जरा काळवंडलेला.

अकराच्या सुमारास गल्लीत मोटारसायकल थांबली. तिच्या पुढे झेंडूची माळ होती, म्हणजे तिची पूजा करून निघाला होता. अण्णा एकटाच होता. त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत आला आणि बापाच्या पाया पडला. दोड्डप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून राहिले. मग दोड्डप्पांनी त्याला मनगटाला धरून मागच्या खोलीत नेलं. मला फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता. चुना दोन हात दिलाय. खिडकीला जाळी नवी. झोपून बघ, पाय पुरतात का.

अण्णा बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. तो रांजणासमोर उभा राहिला, हात जोडले, आणि मग त्याची नजर फळीकडे गेली. हळदीच्या रेघेकडे. मी मान खाली घातली.

त्याने हात वर करून गुळाचा खडा खाली घेतला. दाताखाली धरून अर्धा तोडला. आणि बापासमोर उभा राहून चावून चावून खाल्ला.

"अप्पा," तो म्हणाला, "मी राहायला येणार नाही. मला जमणार नाही. खोटं सांगून मी तुम्हाला बसवून ठेवणार नाही."

मला वाटलं, आता हा म्हातारा खाली बसेल. अकरा वर्षांनी मुलगा पूल ओलांडून आला तो हे सांगायला. मनात अण्णाचा राग आला आणि त्याच क्षणी हेही कळलं, की जे काम मी महिनाभर टाळलं ते त्याने दारात पाय ठेवल्यापासून पाव तासात केलं होतं.

दोड्डप्पांनी हात पुढे केला. अण्णाने उरलेला अर्धा खडा त्या निळ्या तळहातावर ठेवला. दोड्डप्पांनी तो तोंडात टाकला. दात नाहीत, त्यामुळे वेळ लागला. आम्ही दोघं उभेच होतो. गूळ संपल्यावर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"राहायला नाही," ते म्हणाले. "मत्ते जेवायला?"

अण्णाने मान हलवली आणि म्हणाला, "जेवायला येतो. रविवारी येत जाईन."

"आयतु."

त्यांनी पाट जवळ ओढला आणि माझ्या नातवंडासाठी आणलेलं पांढरं दुपटं रांजणात सोडलं. एकट्याने त्यांना ते पिळता येईना, तेव्हा अण्णाने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दुसरं टोक धरलं. कापड हिरवं बाहेर आलं आणि आमच्या डोळ्यांसमोर निळं होत गेलं. मी तीस वर्षं शिकवते आहे ते हेच, पण तेव्हा मला ते नीट बघता आलं नाही.

दोरीवर दुपटं टाकून दोड्डप्पा माझ्याकडे वळले. "आता फुलवालीकडे जा. तिचा गूळ राहिलाय. शिव्या देईल, ऐकून घे."

"जाते."

"आणि पोरी, पुढच्या वेळी तुझ्या बापासारखं मगरीचं सांग. माणसाचं नको."

मी हो म्हणाले. पिशवीतला उरलेला गूळ घेतला आणि बसस्टँडकडे निघाले.